दीडशे रुपयांचं तिकीट

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका क्लासचा वरच्या मजल्यावरचा हॉल. ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यात दोन पिवळे दिवे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना टेकवलेल्या गाद्या. जिन्याच्या तोंडाशी एक टेबल, त्यावर पत्र्याचा गल्ला आणि तिकिटांचं पुस्तक. मी दीडशे रुपये दिले, मुलीनं पान फाडून हातात ठेवलं. क्रमांक ४१. त्या संध्याकाळी ८३ तिकिटं गेली. आत चार पोरांनी दीड तास अकरा मराठी गाणी वाजवली. सगळी त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच चाली लावलेली. बहुतेकांनी एकही गाणं आधी ऐकलेलं नव्हतं, तरी मध्येच उठून कुणी गेलं नाही.

तासगावकडच्या मुलानं गायलेलं एक गाणं अजून डोक्यातून जात नाही. बागेत फुलोरा आलाय, बाहेर अवकाळी लागलाय, बाप रात्रभर बॅटरी घेऊन वेलींखाली फिरतोय आणि पोरगा पुण्यातल्या खोलीवर फोन हातात धरून बसलाय. त्या गाण्यात ‘डावणी’ हा शब्द आला. द्राक्षाच्या रोगाचं नाव असं सुरात, लांबवून, समेवर येऊन थांबताना मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या पुढच्या रांगेतले एक काका तोवर मागं टेकून बसले होते, ते खुर्चीच्या कडेवर आले आणि गाणं संपेपर्यंत तसेच बसले. पुण्या-मुंबईच्या कुठल्या बँडला हा शब्द सुचला नसता, आणि सुचला असता तरी समोर तो कळणारं माणूस नसतं.

गेली दोन-तीन वर्षं सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यात अशी पोरं दिसायला लागली आहेत. कुणी गिटार घेऊन एकटाच गातो, कुणी रॅप करतो, कुणी हलगी आणि बेस गिटार शेजारी ठेवतो. सिनेमा नाही, कंपनी नाही, पाठीशी चॅनल नाही. इंग्रजीत यालाच इंडी म्हणतात, स्वतंत्र. या संगीताविषयी मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी आग्रहानं सांगणार आहे. आपल्या भागात हे टिकावं असं वाटत असेल, तर ते फुकट ऐकणं आपण थांबवलं पाहिजे, आणि फुकट ऐकवणंही.

हे माझ्या डोक्यात पक्कं झालं ते आणखी एका कार्यक्रमामुळं. तोच बँड, काही महिन्यांपूर्वी, एका मोठ्या मैदानावर. प्रवेश विनामूल्य. कमानीवर बँडचं नाव शोधून सापडत नव्हतं, फोटो मात्र दहा-बारा जणांचे होते. सातची वेळ. प्रमुख पाहुणे पावणेनऊला आले. मग शाल, श्रीफळ, एकेकाचं मनोगत. पोरं वाद्यं जुळवून मागं उभी, गिटारच्या तारा गार हवेत पुन्हा उतरलेल्या. साडेनऊला त्यांना माइक मिळाला. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं असेल, तोच पुढच्या सोफ्यावरून चिठ्ठी आली, चालू सिनेमातलं काहीतरी म्हणा. त्यांनी म्हटलं. दहा वाजता पोलिसांनी हात वर केला आणि कार्यक्रम संपला. मैदानात दोन-अडीच हजार माणूस असेल. त्यातल्या एकालाही त्या बँडचं स्वतःचं गाणं पूर्ण ऐकायला मिळालं नाही.

त्या रात्री बँडला मानधन मिळालं. हॉलमधल्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी जास्त मिळालं, हेही सांगितलं पाहिजे. पण ती संध्याकाळ त्यांची नव्हती. ज्यानं पैसे घातले त्याची होती. काय वाजवायचं, कधी सुरू करायचं, कुठं थांबायचं हे त्याच्या सोफ्यावरून ठरलं. फुकट कार्यक्रमाचे पैसे कुणीतरी भरलेले असतातच आणि मग गाण्यावर हक्कही त्याचाच राहतो.

आपल्याकडं याला जुना शब्द आहे, सुपारी. तमाशाच्या फडातली माणसं दोन प्रकारचे खेळ सांगायची, सुपारीचा आणि तंबूचा. सुपारीच्या खेळात गाव पैसे ठरवतं आणि गाव सांगेल तसं नाचायचं. तंबूच्या खेळाला कनात लागते, दारावर तिकीट लागतं आणि आत काय दाखवायचं ते फड ठरवतो. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू महाराष्ट्रभर गाजले. जत्रेच्या मैदानावर त्यांच्या कनातीपुढं तिकिटाला रांग लावणारी माणसं कोण होती? शेतमजूर, हमाल, साखर कारखान्यावरचे कामगार. त्यांच्या खिशात आपल्यापेक्षा पुष्कळ कमी पैसे होते. त्यामुळं ‘आपल्याकडची माणसं पैसे देऊन ऐकत नाहीत’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. फुकट ऐकायची सवय अलीकडची आहे, आणि ती आपल्याला लावली गेली आहे.

सांगलीचा तर सगळा इतिहासच या मुद्द्यावर उभा आहे. ५ नोव्हेंबर १८४३ चं ‘सीता स्वयंवर’ आपण दरवर्षी आठवतो, नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी सांगितलं, दरबारानं खर्च केला, विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं. यापुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. १८५१ साली चिंतामणराव गेले आणि दरबाराचा आधार तुटला. भाव्यांना घरी बसता आलं असतं. ते मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव खेळ केले आणि १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटकाचा जन्म दरबारात झाला खरा, पण ते धंदा म्हणून आणि कला म्हणून पायावर उभं राहिलं ते तिकिटावर. माझ्या मते रंगभूमी दिनाइतकाच तोही टप्पा सांगलीनं साजरा करायला हवा.

मिरजेतही हेच घडलं. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला राहिले. संस्थानचा आश्रय होता, दोन वेळचं जेवण होतं. तरी १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. पुढं गुजरातेतल्या काठेवाडात त्यांनी जाहीर मैफल केली आणि तिला तिकीट ठेवलं. गाणं ऐकायचं तर राजवाड्यात नाहीतर देवळात, असा तो काळ. कुणीही पैसे देऊन आत यावं आणि बसून ऐकावं ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही लोकांच्या पैशावर. आज गिटार घेऊन दारात गल्ला मांडणारी आपली पोरं मला याच घराण्यातली वाटतात. राग वेगळे, ताल वेगळे, पण आश्रयदात्याला नमस्कार करून बाहेर पडण्याची रीत तीच.

इथं कुणी मला मिरजेचंच उदाहरण देऊन अडवेल, आणि ते योग्यच होईल. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ जी संगीतसभा होते, तिला तिकीट नाही. रात्रभर चालते, कुणीही येऊन बसावं. मी शाळेत असल्यापासून जातो. मोठमोठे गवई तिथं हजेरी म्हणून गातात. माझ्या शेजारी कधी डॉक्टर बसलेले असतात, कधी उरुसाला आलेले पाळणेवाले, कधी मांडीवर पोर झोपवलेली बाई. इतकं चांगलं ऐकणारी माणसं मी अजून कुठं पाहिलेली नाहीत. मग फुकट ऐकणं वाईट कसं?

बरीच वर्षं मी या प्रश्नापाशी अडकलो होतो. आता मला असं वाटतं की तिथं फुकट काहीच नाही. गवई खाँसाहेबांच्या कबरीपुढं गातो, आपलं देणं फेडायला. ऐकणारा त्या देण्याचा साक्षीदार असतो. मध्ये कुणी उभा नसतो. कुणाच्या वाढदिवसासाठी ती रात्र नसते, सोफ्यावरून चिठ्ठी येत नाही. म्हणजे खरा मुद्दा पैशाचा नाही, मालकीचा आहे. रात्र गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची असली पाहिजे. दर्ग्यात ती खाँसाहेबांच्या पुण्याईनं तशी राहते. कुपवाडच्या खोलीत गाणी करणाऱ्या पोरांकडं तसली पुण्याई अजून नाही. त्यांना रात्र विकतच घ्यावी लागते, आणि ती घ्यायची तर आपल्या तिकिटांशिवाय त्यांच्याजवळ काही नाही.

हिशेब सांगतो, कारण तो मी हॉलच्या जिन्यापाशी तिकिटं फाडणाऱ्या त्या मुलीबरोबर बसून मांडलाय. ८३ तिकिटांचे १२,४५० रुपये. साऊंड आणि दिवे ६,०००, हॉल ३,५००, खुर्च्या, पोस्टर आणि चहा १,२००. उरले १,७५०. चौघांत वाटले तर एकेकाला ४३७ रुपये ५० पैसे. त्यात मिरजेहून वाद्यं आणणाऱ्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोचं भाडं धरलेलं नाही, ते ड्रमरच्या मामानं घेतलं नाही. यावर कुणाचं घर चालणार नाही हे मलाही कळतं. पण दुसरीकडं काय आहे ते बघा. ही गाणी मोबाइलवर आहेतच. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याचा एक पैसाही मिळणार नाही. मराठीत द्राक्षबागेवर गाणाऱ्या पोराला हजाराचा आकडा गाठायलाच वर्ष लागतं, आणि गाठल्यावर हातात येणारी रक्कम त्या हॉलमधल्या एका तिकिटाची बरोबरी करत नाही. पत्र्याच्या गल्ल्यात त्या रात्री जे पडलं ते त्याच रात्री त्यांचं झालं.

रेकॉर्डिंग फुकट देण्याला माझा विरोध नाही. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनं २०१० साली ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम कंपन्यांना न देता महिन्याला एक गाणं अशा रीतीनं इंटरनेटवर फुकट दिला. त्यांचे गायक असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरमध्ये गेले होते, त्यांचा आवाज त्या गाण्यांत आहे. मी तेव्हा सायबर कॅफेत बसून एकेक गाणं पेनड्राइव्हवर उतरवून घेत होतो. त्यांनी गाणं फुकट दिलं, पण कुणाला द्यायचं आणि कसं द्यायचं हे स्वतः ठरवलं. शिवाय त्यांच्यामागं कार्यक्रमांची वीस वर्षं होती, माणसं पैसे देऊन ऐकायला येत होती. तो आधार नसताना पहिल्या दिवसापासून सगळंच फुकट वाटणं म्हणजे बियाणंच खाऊन टाकणं.

तिकिटाचा आणखी एक फायदा मला त्या हॉलमध्ये जाणवला आणि माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे. दीडशे रुपये दिल्यावर मला खरं बोलता येतं. फुकट कार्यक्रमानंतर आपण म्हणतो, पोरांनी छान केलं, कौतुक आहे. या कौतुकानं कुणी सुधारत नाही. मी त्यांचा सहा गाण्यांचा अल्बमही पैसे देऊन घेतला आणि तीन आठवडे ऐकला. त्यामुळं इथं सांगतो.

चाली चांगल्या आहेत, दोन तर फारच. पण सहापैकी चार गाणी एकाच साच्यात, एकाच वेगानं पुढं जातात. सावकाश सुरुवात, दोन कडव्यांनंतर ड्रम चढतात, शेवटी सगळे मिळून ओरडतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात ते चालून जातं, घरी ऐकताना तिसऱ्या गाण्यालाच पुढचं कळायला लागतं. ड्रम इतके पुढं आहेत की शब्द खाली जातात. ज्या बँडची ताकद शब्दांत आहे त्यानं मिक्सिंग करताना शब्द गाडावेत याचं मला वाईट वाटलं. गाणारा बोलताना अस्सल तासगावी बोलतो, ‘लई’ म्हणतो, ‘कुठं निघालाईस’ म्हणतो. माइक हातात आला की त्याच्या मराठीला हिंदी सिनेमाचा हेल येतो, ‘च’ आणि ‘ज’ गुळगुळीत होतात. द्राक्षबागेच्या गाण्यात मात्र तो हेल गळून पडलाय, म्हणून ते गाणं उभं राहिलंय. बाकीच्या पाचांत त्यानं तसंच गावं. आवाज त्याचा स्वतःचा आहे, तो कुणाकडून उसना आणायचं कारण नाही.

याच सुमाराला दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या बँडचा २०२४ मधला ‘बेटा’ हा अल्बम मी कोल्हापूरला जाता-येता एसटीत ऐकत होतो. त्यांच्या ट्रम्पेटनं मला लग्नसराईतल्या आपल्या बँडची आठवण येते, पहाटे वरात संपवून थकून वाजवणाऱ्या. आधीचा अल्बम २०१९ चा, मध्ये पाच वर्षं. घाई नाही, प्रत्येक गाण्याची खोली वेगळी. इतका संयम ठेवता येतो कारण मधल्या काळात वाजवायला जागा असते आणि ऐकायला माणसं असतात. आमच्या पोरांत गुण कमी आहेत असं मला वाटत नाही. त्यांना वर्षातून तीनदाच वाजवायला मिळतं. चालींतला तोचतोचपणा कुठं लागतो हे लोकांपुढं वीसदा वाजवल्याशिवाय कसं कळणार?

आणि तानपुऱ्याचं बोलतो. अल्बममधलं शेवटचं गाणं तानपुऱ्यावर सुरू होतं. मी विचारलं, कुणाचा तानपुरा? मोबाइलवरचं ॲप. मिरजेतली पोरं, जिथं दीडशे वर्षांहून जास्त काळ सतारी आणि तंबोरे घडतात, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली पोरं ॲप वापरतात हे मला टोचलं. मी त्यांना सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. एका दुकानात बसून कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तारेचा नाद घुमेल असा जुळवत होते. घोडीचा माथा कानसीनं थोडा घासायचा, तार छेडायची, तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. अर्धा तास हेच. एका क्षणी तार नुसती वाजायची थांबली आणि खुलली, सगळी दालनभर पसरली. बेस वाजवणारा मुलगा माझ्याकडं बघत राहिला. तानपुरा विकत घेण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नाहीत. पुढच्या रेकॉर्डिंगला दोन दिवस भाड्यानं न्यायचं ठरलंय, त्याचेही पैसे तिकिटांतूनच यायचे आहेत.

आता जागेचं. हा प्रश्न बँडचा एकट्याचा नाही, शहराचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद आहे, आणि तो बंद असावा असंच माझं मत आहे. डॉल्बीनं आपल्या पेठांतल्या म्हाताऱ्या माणसांचे काय हाल केलेत ते सगळ्यांना माहीत आहे. राज्याला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंतची सवलत देता येते, ते दिवस सणांना जातात आणि जाणारच. पण बंदिस्त सभागृहाला हा नियम अडवत नाही. म्हणजे या संगीताला मैदान नकोच आहे. त्याला दीडशे-दोनशे खुर्च्यांची, चार भिंतींची जागा हवी आहे, जिथं शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचेल.

आपल्याकडं नाट्यगृहं आहेत. ती मोठी आहेत, एका संध्याकाळचं भाडं या पोरांना झेपत नाही. मी स्वतः एका ठिकाणी चौकशीला गेलो. अर्जावर कार्यक्रमाचा प्रकार लिहायचा होता. समोरच्या साहेबांनी विचारलं, नाटक का ऑर्केस्ट्रा? मी म्हणालो, स्वतःची गाणी. ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, मग ‘इतर’ लिहा. ‘इतर’चा दर सगळ्यात जास्त होता, कारण त्यात लग्नं आणि कंपन्यांचे मेळावे येतात. माणूस सज्जन होता, त्यानं मुद्दाम काही केलं नाही. कागदावर आमच्यासाठी रकानाच नव्हता.

माझं मागणं एवढंच आहे की तो रकाना छापला जावा. स्वरचित संगीत. मंगळवार-बुधवारी रिकाम्या जाणाऱ्या संध्याकाळी निम्म्या दरात द्याव्यात, आणि मोठं सभागृह नको असेल तर तालमीचा हॉल द्यावा. कॉलेजांनी स्नेहसंमेलनाच्या खर्चातला एक कार्यक्रम कमी करून आपलं सभागृह महिन्यातून एकदा उघडावं. अनुदान मी मागत नाही, महोत्सव तर अजिबात नको. महोत्सव आला की कमान येते आणि कमानीवर फोटो येतात. जागा द्या, दारात गल्ला त्यांना मांडू द्या, बाकी आम्ही ऐकणारे बघून घेतो. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटीही नाही, तेव्हा कागदाचं ओझंही फार नाही.

दीडशे रुपये ज्याला जड आहेत त्याचं काय, असं एका मैत्रिणीनं विचारलं. ती वसतिगृहातल्या मुलींना शिकवते, तिचा प्रश्न खरा आहे. त्या हॉलमध्ये सहा मुलं तिकिटाशिवाय होती. दुपारी चारला येऊन त्यांनी खुर्च्या लावल्या, वायरी ओढल्या, साऊंडचेक ऐकला आणि मग पहिल्या रांगेत बसली. त्यांनीही काहीतरी देऊनच ऐकलं. अशा सहाचे बारा करता येतील, वसतिगृहाला दहा तिकिटं राखून ठेवता येतील. पण ज्याच्या हातात चहा-भजीला, सिनेमाला पैसे आहेत त्यानं ‘पास आहे का’ असं विचारू नये. मी हे माझ्या नात्यातल्या माणसांनाही सांगितलंय आणि एक-दोघे रागावलेले आहेत.

दिवाळीनंतर पोरं पुन्हा वाजवणार आहेत. या वेळी आठ गाणी नवी, त्यातली दोन हळू चालीची, ड्रमशिवाय. तिकीट दोनशे केलंय. द्राक्षबागेच्या गाण्याला खुर्चीच्या कडेवर सरकलेले काका परवा गणपती पेठेत भेटले. त्यांची सावळजला बाग आहे. मी नव्या कार्यक्रमाचं सांगितलं तर त्यांनी तिथंच खिशातून आठशे रुपये काढले आणि म्हणाले, चार ठेवा, दोन्ही पोरांना आणि त्यांच्या आईला घेऊन येतो.